सातचं काय?

त्या दिवशीही बाबांचा फोन सव्वासातलाच आला. मी ऑफिसातच होते. डाव्या हाताने फोन कानाशी धरला होता आणि उजव्या हाताने एका अहवालाची शेवटची पानं उलटत होते.

"आधी वाईट," बाबा म्हणाले. त्यांना जराशी धाप लागली होती. "डावा गुडघा कुरकुरतोय. चौथ्या मजल्यावरचा नळ अजून गळतोय, प्लंबर उद्या येतो असं तिसऱ्यांदा म्हणालाय. तुझी आई माझा चष्मा स्वतःच्या पर्समध्ये घालून बाजारात गेली, त्यामुळे सकाळभर मी आंधळा होतो. टाकी सातला अडीच. आता चांगलं. आईची शुगर उतरली. आणि दिवसभर ढग असूनसुद्धा अडीच, बरं का."

"हं," मी म्हणाले.

ते थांबले. ते का थांबलेत हे मला माहीत होतं.

बाबा चौतीस वर्षं गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्रात होते. त्यातली शेवटची पंधरा वर्षं कंट्रोल रूममध्ये शिफ्ट प्रमुख म्हणून. तिथे पाळी बदलताना एक रीत होती. जाणाऱ्याने खुर्ची सोडण्याआधी येणाऱ्याला सगळं तोंडी सांगायचं. आधी काय बिघडलंय, काय अर्धवट राहिलंय ते, आणि मग काय नीट चाललंय ते. वहीत सगळं लिहिलेलं असायचंच, पण वही नंतर. समोरच्याने ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "घेतला." म्हणजे चार्ज घेतला. तो शब्द कानावर पडल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. एकदा रस्ते बंद झाले आणि पुढच्या पाळीचं कुणीच पोहोचलं नाही, तेव्हा बाबा बावीस तास त्या खुर्चीत बसून होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "घरच्या खुर्चीत कधी एवढं बसलात का?"

ही रीत त्यांनी घरीही आणली होती. ते चपला काढत असताना आई दारातच सुरू करायची, "आधी वाईट. तुमची लेक आज वर्गाबाहेर उभी होती. मिक्सर जळला. आता चांगलं, तुमची बहीण यायची होती ती येत नाहीये." बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "घेतला." मग आम्ही तिघं हसायचो. मला वाचता येण्याआधी हे येत होतं. पडून गुडघा फुटला तरी मी रडत रडत सांगायचे, "आधी वाईट."

नोकरी लागल्यावर कधीतरी मी "घेतला" म्हणायचं सोडून दिलं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. फोनवर बोलताना आजूबाजूला लोक असायचे, मग "हं", "बरं", "ठेवते" यावर भागायला लागलं. बाबा मात्र शेवटी थांबायचेच. दोन-तीन सेकंद.

त्या दिवशी थांबून झाल्यावर ते म्हणाले, "अहवाल कुठवर आला?"

"चाललंय."

"लिहितंय कोण?"

"समिती लिहिते, बाबा."

"समितीला हात नसतात. कुणीतरी एक जण लिहितो आणि बाकीचे माना हलवतात. बरं, ते जाऊ दे. सातचं काय करणार तुम्ही?"

हा त्यांचा प्रश्न होता. वीज केंद्रात त्यांना पाठीमागे 'सातवाजे साहेब' म्हणत, इतका तो त्यांचा होता. नवा इंजिनिअर कितीही हुशार असो, कुठलीही योजना घेऊन येवो, बाबा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, सातचं काय? संध्याकाळी सातला माणसं घरी येतात. दिवे लागतात, पंखे फिरतात, दुकानांच्या पाट्या उजळतात, सगळ्यांना सगळं एकदमच हवं असतं. तेव्हा ऊन गेलेलं असतं. वारा असला तर असतो.

"दुपारी ऊन आहे, मान्य," ते म्हणत होते. "पवनचक्क्या फिरतात, मान्य. पण सातला माणूस बटण दाबतो तेव्हा त्याला तुझा अहवाल वाचायला वेळ नसतो. त्याला दिवा लागलेला हवा असतो. तर सातचं—"

"बाबा, तुमचा काळ वेगळा होता."

ते म्हणाले, "असेल. जेवून घे वेळेवर."

"बरं. ठेवते."

फोन त्यांनी ठेवला नाही. मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पेपर मांडीवर होता. डुलकी लागली असेल, असं आईला वाटलं. तिने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जवळ गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय, एका क्षणात. खुर्चीतच गेले, हे ज्याने त्याने मला सांगितलं, जणू मला ते कळलं नसावं.

समितीच्या मागे मी का लपत होते, ते सांगायला हवं. बाबांच्या वीज केंद्रात दोन युनिट्स होती. मोठ्या युनिटला ते थोरली म्हणत, दुसऱ्याला मधली. मला म्हणत शेंडेफळ. मधलीच्या शेजारी काँक्रीटचा एक भलामोठा चौथरा होता, त्यातून लोखंडी बोल्ट वर आलेले. तो तिसऱ्या युनिटचा पाया होता. मी सहा वर्षांची असताना बाबांनी मला तिथे नेऊन दाखवलं होतं, "इथे तिसरी येणार." म्हणजे मग मी शेंडेफळ राहणार नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी भोकाड पसरलं. बाबांच्या हाताखाली तेव्हा एक तरुण होता, बॉयलरकडचा, सगळे त्याला वाफेकाका म्हणत. वाफेकाकांनी मला कडेवर घेऊन कॅन्टीनमध्ये नेलं आणि बिस्किटाचा अख्खा पुडा दिला.

तिसरी काही आली नाही. बाबा निवृत्त झाले तेव्हाही चौथरा रिकामाच होता. पावसाळी कोट वाळत घालायला त्याचा उपयोग व्हायचा. गेल्या वर्षी तिसरीची फाईल पुन्हा वर निघाली. वाढत्या मागणीसाठी नवं गॅस युनिट उभारायचं, की तेवढीच गरज सूर्य, वारा आणि बॅटरीवर भागवायची, हे ठरवायला समिती नेमली गेली, आणि मी वीज नियोजन कार्यालयात असल्यामुळे तिचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. समितीत असल्याचं मी बाबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. फोनवर तासभर समजावलं होतं, दुपारची वीज साठवून संध्याकाळी कशी वापरता येते ते. ते शेवटी एवढंच म्हणाले, "बघू."

सहा महिने मी आकड्यांशी झटापट केली. मग एका दुपारी वाक्य लिहिलं, "तिसऱ्या गॅस युनिटची शिफारस करता येत नाही." लिहून झाल्यावर खाली जाऊन दोन कप चहा प्यायले. त्यानंतरचे तीन महिने रोज सव्वासातला ते विचारत होते आणि मी समितीचं नाव पुढे करत होते.

ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. संध्याकाळी सातच्या सुमारास स्वयंपाकघरात नळ खोकला, दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. शोकाबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे, चांगल्या चांगल्या लोकांनी लिहिलेलं. त्यात कुठेही असं नव्हतं की घरात तीस माणसं असतील, सिंकमध्ये कपांचा ढीग असेल आणि नळाला पाणी नसेल. आई पहिल्यांदा त्या दिवशी नेहमीच्या आवाजात बोलली, "अगं, बघ तरी कुणीतरी. हे असते तर एव्हाना वर गेले असते."

मी खाली उतरले. वॉचमन आधीच पंपाच्या खोलीकडे धावत होता.

"ताई, माझंच चुकलं," तो म्हणाला. त्याने बटण दाबलं, पंप घुमायला लागला. "पण बाराला साहेबच चालू करायचे ना पंप. मला हात लावू देत नव्हते."

"बाराला? पंप तर सहाला चालतो."

"पूर्वी चालायचा. साहेबांनी वेळ बदलून झाले आता बरेच महिने. दुपारी ऊन डोक्यावर आलं की स्वतः खाली यायचे, बटण दाबायचे. गच्चीवरच्या पॅनेलची वीज तेव्हा जास्त असते म्हणाले. संध्याकाळी सातला गच्चीवर जाऊन टाकी बघायचे. मी म्हटलं, साहेब, पाच मजले कशाला चढता, मी बघतो की. तर म्हणाले, नाही, मुलीनं गृहपाठ दिलाय."

मी पंपाच्या बटणाकडे बघत राहिले.

"आज मी कुणाला विचारलं नाही," तो म्हणाला, "कारण साहेब काम सोपवल्याशिवाय जाणारे नाहीत. म्हटलं, कुणाला ना कुणाला सांगून गेले असतील."

सांगितलं होतंच. रोज सव्वासातला, आधी वाईटच्या यादीत, गुडघा आणि नळ आणि चष्म्याच्या शेजारी. टाकी सातला अडीच. टाकी सातला पावणेदोन. टाकी सातला तीन. म्हाताऱ्या माणसाच्या दिवसात दुसरं असतं काय, असं समजून मी पानं उलटत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले. पाचवा मजला येईपर्यंत मलाही धाप लागली. गच्चीचा अर्धा भाग सौर पॅनेलनी व्यापला होता. तीन वर्षांपूर्वी ती बसवायची ठरली तेव्हा इमारतीच्या बैठकीत विरोधात एकच हात वर झाला होता, बाबांचा. ती बसल्यावर पुसायचं काम मात्र त्यांनी मागून घेतलं. लोकांना काच पुसता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पाण्याची टाकी चार खांबांवर उभी होती. तिच्या बाहेर एक दोरी लोंबत होती. दोरीचं आतलं टोक पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याला आणि बाहेरचं टोक लोखंडी वजनाला बांधलेलं. पाणी चढलं की वजन खाली येई, उतरलं की वर जाई. शेजारी रंगाने एक ते चार आकडे काढले होते. चार म्हणजे भरलेली.

आणि टाकीखाली, पाऊस लागणार नाही अशा आडोशाच्या भिंतीवर, खडूने रकाने आखले होते. बारा रकाने. प्रत्येक रकान्यात एकाखाली एक तारखा आणि समोर आकडा. ते अक्षर मला अंधारातही ओळखता आलं असतं. त्यांचा पाच कायम तीनसारखा दिसायचा, म्हणून पाचांभोवती ते गोल काढत. पहिली तारीख मी त्यांना फोनवर तासभर समजावलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

काही तारखांपुढे बारीक 'ग' लिहिलेला होता. पहिल्यांदा मला कळलं नाही. मग दिसलं की ते सगळे सलग ढगाळ आठवड्यांतले दिवस आहेत. त्या दिवशी पाणी पुरलं नव्हतं, पंप पुन्हा संध्याकाळी चालवावा लागला होता. ग म्हणजे गॅस. ग म्हणजे थोरली आणि मधली.

नऊ रकाने भरलेले होते. दहाव्यात सहा खुणा. शेवटची अडीच. बाबा म्हणत, चारही ऋतूंत चालवल्याशिवाय मशीनला हो म्हणायचं नाही. म्हणजे त्यांनी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी माझ्याशी वाद घालून दुपारी ते पाच मजल्यांच्या इमारतीवर माझं म्हणणं तपासत होते, आणि आपलं वर्ष पूर्ण होईतो मला त्यांनी त्याचा पत्ता लागू दिला नाही. आकडे मात्र रोज दिले. चार्ज लपवायचा नसतो ना.

मी खुणा मोजल्या. दोनशे एकोणऐंशी. त्यातले तेवीस ग. मग मी खाली बसले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला म्हणाले, पाय मोकळे करून येतो. म्हटलं, जा. माणूस निवृत्त झाला की घरात पायात पायात येतो, जितका वर राहील तितकं बरं." मग पदराला हात पुसत म्हणाली, "मुंग्यांसाठी रेघ ओढायचे खडू माझ्याच डब्यातले नेले असतील. मी आपली मुंग्यांवर ओरडत बसले."

त्या दिवसापासून बाराला आई खाली जाऊन बटण दाबू लागली. सातला वर मी जाऊ लागले. मी माहेरीच राहिले होते.

पंधरा दिवसांनी जाहीर सुनावणी होती, बाबांच्याच वीज केंद्राच्या कॅन्टीनमध्ये. आमच्या कार्यालयाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांचा फोन आला.

"तू रजेवर आहेस. येऊ नकोस. अहवाल मी वाचते."

"बाई, तिथे बाबांची माणसं असतील."

"म्हणूनच म्हणतेय. अहवालावर समितीचं नाव आहे. कुणी लिहिला हे कुणी विचारणार नाही आणि मी सांगणार नाही. तुला त्याच लोकांच्या हातून पाण्याचा ग्लास घ्यायचाय उद्या-परवा."

त्या खरंच माझ्या भल्याचं सांगत होत्या. वाफेकाका बाबांच्या शेवटच्या प्रवासात पहिल्या खांद्याला होते, आणि तिसरी यावी म्हणून सह्या गोळा करणारेही तेच होते. मी घरी राहिले असते तर त्यांना कधीच कळलं नसतं. बाबांनाही कळलं नव्हतं. एकदा लपलं की पुन्हा लपणं किती सोपं असतं, ते मला त्या फोनवर समजलं.

"मी येते," मी म्हणाले. "आणि अहवालात एक पान वाढवायचंय."

त्या पानासाठी मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला फोन केला होता. शहराचे मोठे पंप कधी चालतात, असं विचारलं. सहा ते नऊ, संध्याकाळी, ते म्हणाले. संध्याकाळीच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "असंच चालत आलंय, मॅडम. का ते कुणी विचारलं नव्हतं." नऊ महिने मी बॅटऱ्यांचे हिशेब करत होते, आणि ऐन सातला आपण टाक्या भरत बसतो हे माझ्या एकाही तक्त्यात नव्हतं.

सुनावणीला निघताना आई साडी बदलून दारात उभी.

"मी पण येणार. चौतीस वर्षं त्या कॅन्टीनच्या चहाच्या तक्रारी ऐकल्या, एकदा पिऊन तर बघू दे."

कॅन्टीन गच्च भरलं होतं. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळच्या पाळीतली, खुर्ची सोडून येता येण्यासारखी माणसं मागे उभी होती, दुपारच्या पाळीची डबे हातात घेऊन दाराशी. खिडकीतून चौथरा दिसत होता. त्यावर दोन कोट वाळत होते. वाफेकाकांनी आईला पहिल्या रांगेत बसवलं, स्वतः चहा आणून दिला. आईने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. बाबांचं म्हणणं बरोबर होतं.

माझं नाव पुकारलं गेलं. हातात अहवाल होता, पण उभी राहिले आणि तोंडातून तेच आलं.

"आधी वाईट."

मागच्या रांगांत हालचाल झाली. सगळ्या माना वर आल्या.

"तिसऱ्या युनिटला जेवढी माणसं लागली असती, तेवढी या योजनेला लागणार नाहीत. चौथऱ्यावर बॅटऱ्या येतील, त्यांना तारा, स्विचयार्ड आणि ते सांभाळणारे इथलेच लोक लागतील, पण सगळ्यांना सामावून घेता येणार नाही. दुसरं वाईट. वर्षात काही दिवस ही योजना कमी पडेल. किती, ते मी कागदावर काढलं होतं, आता भिंतीवर खडूने लिहिलेलंही पाहिलंय. दोनशे एकोणऐंशी दिवसांत तेवीस. त्या दिवसांसाठी थोरली आणि मधली तयार ठेवावी लागेल. तिसरं वाईट. वर्ष पुरं झालेलं नाही, तीन महिन्यांचे आकडे अजून यायचेत."

मग मी चांगलं सांगितलं. गॅस जळतो तो कायमचा, आणि आपल्या डोक्यावरची हवा गरम करून जातो. ऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. सौर पॅनेल, पवनचक्क्या आणि चौथऱ्यावरच्या बॅटऱ्या मिळून सातचा भार पेलू शकतात. शहराचे पंप सहाऐवजी बाराला चालवले तर तो भार मुळातच कमी होतो. तेवीस दिवसांसाठी जुन्या दोघी पुरेशा आहेत. तेवीस दिवसांसाठी तिसरी बांधून पुढची तीस वर्षं रोज तिला गॅस पाजायचा, हे मला पटत नाही. म्हणून तिसरीची शिफारस करता येत नाही.

"हे तू लिहिलंस?" वाफेकाका उभे राहिले होते. केस पांढरे, आवाज तोच. "तू? समितीने नाही?"

"मी लिहिलंय, काका."

"शेवटी शेंडेफळपण सोडलं नाहीस तर," ते म्हणाले.

जुनी माणसं हसली, आईसुद्धा हसली, तोंडावर पदर धरून. वाफेकाका हसले नाहीत.

"माझ्याकडे एकशे चाळीस सह्या आहेत," ते म्हणाले. "त्यातल्या निम्म्या पोरांना मी सांगितलंय, थांबा, तिसरी येतेय. त्यांना आता काय सांगू? भिंतीवर खडूने लिहिलंय म्हणून?"

"त्यांना आधी वाईट सांगा, काका. म्हणजे जे मी सांगितलं ते. आणि बॅटऱ्यांच्या कामावर पहिला हक्क त्यांचा, असं लेखी मागून घ्या. मी तुमच्यासोबत सही करते."

"ते मी मागीनच. तुझ्या सहीची वाट बघणार नाही." मग त्यांनी विचारलं, "ती भिंत कुणाची?"

"आमच्या गच्चीवरची. बाबांची."

त्यांनी डोळे बारीक केले. सातवाजे साहेबांनी स्वतः सातचा हिशेब ठेवलाय हे त्यांच्या मनात उतरताना मला दिसत होतं. अधिकारी घड्याळाकडे बघत होते, पण कुणी वाफेकाकांना थांबवलं नाही.

"तेवीस?" त्यांनी विचारलं.

"तेवीस. तुम्ही येऊन मोजा."

"येणार आहेच. साहेबांचा पाच मला ओळखता येतो, तू तीन म्हणून मोजला असशील." मग आवाज खाली आणून, जणू हॉलमध्ये आम्ही दोघंच आहोत असं, त्यांनी विचारलं, "हे वाक्य तू लिहिलंस, ते साहेबांना माहीत होतं?"

"नाही."

"सांगितलं नाहीस?"

"नाही. रोज विचारायचे. शेवटच्या दिवशीही विचारलं."

वाफेकाकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला दोन मिनिटं कमी होती. दाराशी दुपारची पाळी उभी होती, तिच्या पुढे सकाळची. "पाळी बदलायची वेळ झालीय," ते म्हणाले. "अर्धा चार्ज ठेवून इथून कुणी जात नाही. सांगून टाक."

"इथे?"

"मग काय, घरी जाऊन फोनवर?" आई म्हणाली.

मी अहवाल खुर्चीवर ठेवला. समोर बघवेना, म्हणून खिडकीतून चौथऱ्याकडे बघितलं.

"बाबा," मी म्हणाले. "आधी वाईट. ते वाक्य माझं आहे. तीन महिने मी समितीच्या मागे लपले. तुमचा काळ वेगळा होता असं मी म्हणाले, ते चूक होतं. तुमचा प्रश्न बरोबर होता आणि मला त्याचं अर्धंच उत्तर येत होतं. तुम्ही रोज उरलेलं अर्धं सांगत होतात आणि मी ऐकत नव्हते. चौथ्या मजल्यावरचा नळ अजून गळतोय. आता चांगलं. आईची शुगर ठीक आहे. काल सातला टाकी पावणेतीन. उरलेले रकाने मी भरते आहे."

सगळे थांबले होते, बाबा थांबायचे तसेच.

"घेतला, बाबा," मी म्हणाले. "चार्ज घेतला."